मदत हवी आहे: गुण, स्वभाव आणि पुढचं यश यांचा संबंध कसा तपासावा?

संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्रात काम करणाऱ्यांनी कृपया सुचवा. परीक्षेतले गुण आणि स्वभाव, यांपैकी पुढचं यश कशावरून जास्त ओळखता येतं, हे माजी विद्यार्थ्यांच्या माहितीवरून तपासायचं आहे. स्वभावासाठी पाच घटकांची प्रश्नावली आहे. त्यातला शिस्त आणि चिकाटीचा घटक माझ्या मते सर्वांत मोलाचा. बॅरिक आणि माउंट या संशोधकांच्या १९९१ च्या एकत्रित विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून) सगळ्या व्यवसायगटांत कामगिरीशी त्याचाच संबंध टिकून दिसला होता. तरी यशाशी सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप), गुणांचा असो की स्वभावाचा, ०.३ आला, तर लोकांच्या यशातल्या फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग (०.३ चा वर्ग) उलगडतो. त्यामुळे ‘गुणांवरून आयुष्य ठरतं’ असलं विधान मुळीच करायचं नाही.

खरी अडचण नमुन्याची. त्यात फक्त प्रवेश मिळालेलेच आहेत. कमी गुणांचे अर्जदार आधीच गळल्याने गुणांचा पल्ला आखडतो आणि सहसंबंध असतो त्याहून कमी दिसतो. दुरुस्तीच्या सूत्राला सगळ्या अर्जदारांच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेले आहेत याचं माप) लागतं, तेच हाताशी नाही. मग काय करावं?

दुसरं, प्रतिगमनात (यशात प्रत्येक घटकाचा वाटा किती, हे काढण्याची पद्धत) आधी घरची आर्थिक स्थिती, मग गुण, शेवटी स्वभाव असा क्रम ठेवलाय. पण शिस्तीमुळेच गुण वाढतात. गुण आधी घातले की शिस्तीचा वाटा त्यांच्याच खात्यात जमा होतो. क्रम उलटावा, की गुणांना मधला दुवा धरून मार्ग-विश्लेषण (शिस्तीतून गुण, गुणांतून यश असा परिणामाचा मार्ग तपासणं) करावं?

यश म्हणून नुसता पगार धरणं मला पटत नाही. पगार, तब्येत आणि समाधान यांची वेगवेगळी प्रारूपं करायची, तर प्रत्येकासाठी किमान किती नमुना धरावा?