मदत हवी आहे: प्रेअरी व्होल, ॲम्फेटामाइन आणि डी१ रिसेप्टर

सांगलीत एम. एस्सी. प्राणिशास्त्राच्या चर्चासत्रासाठी मी प्रेअरी व्होल या जोडीने राहणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्यावर मराठीतून मांडणी करीत आहे. नराला सलग तीन दिवस ॲम्फेटामाइन हे नशा आणणारे उत्तेजक औषध टोचले, तर नंतर मादीशी समागम होऊनही तो तिच्याशी जोडी बांधत नाही आणि त्याच्या मेंदूतील न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे डी१ रिसेप्टर (ते रसायन ज्यांना चिकटते ती पेशींवरील प्रथिने) वाढलेले आढळतात. डी१ला अटकाव करणारे द्रव्य दिल्यास मात्र जोडी जमते. इथपर्यंतचा कार्यकारणभाव स्पष्ट आहे. अडचण पुढे येते. औषध न दिलेल्या नरातही जोडी पक्की झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, त्याच भागात तेच रिसेप्टर वाढतात आणि तो परक्या मादीला हुसकावून लावतो.

मूळ शोधनिबंध वाचले, औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनाही विचारले; ‘नशेने डोपामाइन वाढते’ एवढेच उत्तर मिळाले, जे इथे अगदीच अपुरे पडते. मादीतील ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा भाग मी मुद्दाम वगळला आहे आणि आमच्याकडे प्राण्यांवर प्रयोग करण्याची सोय नाही, त्यामुळे उत्तर प्रकाशित संशोधनातूनच हवे.

औषधाने झालेली डी१ची वाढ आणि जोडीमुळे झालेली वाढ ही एकच प्रक्रिया असून, ती जोडी जमण्याआधी होते की नंतर, एवढाच फरक आहे, असे मांडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का?