जेवणानंतरची दहा मिनिटे: दीर्घायुष्य सवयींचे की परिस्थितीचे?

धागाकर्ता (निवृत्त शिक्षक, कर्वेनगर, पुणे)

आमच्या सोसायटीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत मी एक साधा प्रस्ताव मांडला होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर, साडेनऊच्या सुमारास, ज्यांना जमेल त्यांनी खाली उतरावे आणि आवारातच दहा मिनिटे एकत्र शतपावली करावी, एवढेच त्यात होते. विरोध कोणी केला नाही, परंतु एका तरुण सभासदाने "दहा मिनिटांनी काय होणार आहे?" असे विचारले आणि मला तेथे उभ्या उभ्या त्याचे समाधान करता आले नाही. येथे सविस्तर लिहितो.

मी ज्या रस्त्याने रोज भाजी आणायला जातो त्याला ज्यांचे नाव आहे, ते महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तले. १९०० साली हिंगण्याला त्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली, तेव्हा ते बेचाळिशीत होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास संपवून, आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन, ते पायी हिंगण्यास जात आणि पुन्हा पायीच परत येत. तो व्यायाम आहे असे त्यांच्या मनातही आले नसेल. त्यांच्या कामाचा रस्ताच तेथून जात होता. माझे म्हणणे नेमके हेच आहे की, जी हालचाल रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली असते ती वर्षानुवर्षे टिकते, आणि जिच्यासाठी वेगळा वेळ, वेगळे कपडे आणि वेगळे शुल्क लागते ती बहुतेकांची पहिल्या पावसाळ्यातच सुटते. जेवण तर कोणाचेच सुटत नाही, म्हणून चालणे जेवणाला बांधावे.

दहा मिनिटांचा हिशेबही देतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात त्याच रुग्णांना काही दिवस दिवसातून केव्हाही ३० मिनिटे चालण्यास आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालण्यास सांगितले होते. जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणोत्तर साखरेची वाढ सरासरीने १२ टक्के कमी आढळली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर ती २२ टक्के कमी होती. चालणाऱ्या पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि ती नेमकी चढत असताना वापरतात, असे त्याचे साधे स्पष्टीकरण आहे. आपल्या आजी-आजोबांनी "जेवून लगेच आडवे होऊ नये" असे बजावून ठेवले होते, ते काही उगाच नव्हते.

दुसरे उदाहरण लंडनचे आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली तेथील दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. शहर एकच होते, बसही त्याच होत्या, फरक फक्त जिन्याचा होता.

म्हणून माझे मत असे की, दीर्घ आणि निरोगी आयुष्याचा मोठा भाग अशा बिनखर्चाच्या, लहान सवयींवर उभा असतो. आपणांस काय वाटते, ते अवश्य लिहावे.

प्रतिसाद १ (परिचारिका, ठाणे)

सर, आपला हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही, आणि रात्रीच्या शतपावलीने कोणाचे नुकसान होणार नाही हेही मान्य आहे. परंतु आपण सवयीला जे श्रेय देत आहात ते तिचे नाही, असे मला वाटते, आणि मी सव्वीस वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात काम केलेले असल्याने हे जरा ठामपणे लिहिते.

महर्षी कर्वे १०४ वर्षे जगले, हे खरे. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई मात्र १८९१ साली तरुणपणीच गेल्या. त्याच दशकाच्या अखेरीस पुण्यात प्लेग आला आणि त्यात जी माणसे गेली, ती आळशी होती म्हणून गेली नाहीत. त्या काळातली सगळीच माणसे पायी चालत होती, पाण्याच्या घागरी वाहत होती, दळण हाताने दळत होती आणि दिवे लागायच्या आत जेवत होती. आज आपण ज्या सवयींचे कौतुक करतो त्या सगळ्या त्यांच्या अंगी होत्या, तरीही देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. मधल्या काळात आपण चालणे वाढवले नाही, उलट कमी केले. आयुष्य वाढले ते बाळांच्या लसींमुळे, नळाच्या पाण्यामुळे, प्रतिजैविकांमुळे, रुग्णालयातील बाळंतपणामुळे आणि जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यामुळे. जे जगून शंभरीला पोहोचले त्यांनाच आपण "काय खात होता?" असे विचारतो, जे पोहोचले नाहीत तेही तेच खात होते, पण त्यांना विचारायला आपल्याला उशीर झालेला असतो.

लंडनच्या बसबद्दलही एक गोष्ट राहून गेली. त्याच डॉ. मॉरिस यांनी १९५६ साली कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली, आणि तरुण वयाच्या गटांतही तसाच फरक होता. म्हणजे काही फरक ती माणसे नोकरीला येतानाच बरोबर घेऊन आली असण्याची शक्यता आहे. फरक फक्त जिन्याचा होता, असे म्हणता येत नाही.

मला खरा आक्षेप घ्यायचा आहे तो याहून वेगळ्या गोष्टीवर. सवयींचा उपदेश ऐकून ऐकून आजारी माणूस स्वतःला गुन्हेगार समजू लागतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंना पक्षाघाताने आमच्याकडे आणले होते. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "ताई, माझं काय खाणं चुकलं?" त्यांचे खाणे चुकले नव्हते. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे कोणी मोजलाच नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला, आणि हा आजार बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. रोज एक स्वस्त गोळी वेळेवर घेणे ही जर सवय मानली, तर दहा शतपावल्यांपेक्षा मी तिला वर ठेवेन.

आणि सर, रात्री साडेनऊला खाली कोण उतरणार? आपल्या सोसायटीतील स्त्रिया त्या वेळी ओटा आवरत असतील.

प्रतिसाद २ (संख्याशास्त्राचा अभ्यासक, नाशिक)

दोन्ही बाजू वाचल्या. ठाण्याच्या ताईंचा युक्तिवाद लोकसंख्येविषयी आहे आणि सरांचा एका व्यक्तीविषयी, म्हणून ते एकमेकांना छेदत नाहीत. सरासरी आयुर्मान ३२ चे ७० झाले, त्यात बालमृत्यू घटल्याचा फार मोठा वाटा आहे. त्यावरून साठीच्या माणसाने आज चालावे की नाही याचे उत्तर निघत नाही.

पावलांविषयी एक खुलासा करावासा वाटतो, कारण दहा हजारांचा आकडा ऐकून अनेक वृद्ध माणसे सुरुवातच करत नाहीत. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या जपानी नावाचा अर्थच "दहा हजार पावलांचे मापक" असा होता, आणि तेथून तो जगभर पसरला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा थांबत होता. अर्थात, ज्याची तब्येत आधीच ढासळली आहे तो मुळात कमी चालतो, त्यामुळे अशा अभ्यासावरून कारण आणि परिणाम पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. मधुमेहाच्या रुग्णांवरील प्रयोग त्या दृष्टीने अधिक भक्कम आहे, परंतु त्यात साखर मोजली होती, आयुष्य नव्हे.

प्रतिसाद ३ (शेतकरी, सातारा जिल्हा)

मी शेतकरी आहे आणि या चर्चेत गावाकडची बाजू अजून आली नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे चालण्याची सवय लावावी लागत नाही. माझे वडील जन्मभर औतामागे चालले, उसाला रात्री-अपरात्री पाणी पाजले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारे गेले. त्यांची पावले दिवसाला वीस हजार तरी भरत असतील. पण खिशात तंबाखू-चुन्याची डबी कायम असे, आणि भाकरीबरोबर खारट ठेचा, लोणचे आणि वरून चिमूटभर मीठ असे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट एक चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी तेवढे मीठ एकेका ताटात संपत असेल. आई मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावत असे, आणि तिला ते व्यसन आहे असे शेवटपर्यंत वाटले नाही, कारण तिच्या आईने ती दात घासण्यासाठी म्हणूनच दिली होती. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते.

म्हणून माझे मत दोघांहून वेगळे आहे. कोणती सवय लावावी यापेक्षा कोणती सोडावी हे आधी बोलायला हवे. मी स्वतः तंबाखू सोडून अकरा वर्षे झाली. पहिले तीन आठवडे फार कठीण गेले. त्या दिवसांत बायकोने माझ्या त्याच डबीत भाजलेली बडीशेप भरून ठेवली होती, कारण माझा हात सवयीने तिकडेच जात असे. ती डबी आजही माझ्या खिशात असते.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठाण्याच्या ताईंनी राधाबाईंची आठवण करून दिली. मी कर्व्यांच्या रस्त्यावर राहून त्यांचे शतायुष्य पाहिले आणि त्यांच्याच घरातला तो मृत्यू हिशेबात घेतला नाही, ही माझी चूक झाली. आयुष्याचा मोठा भाग सवयींवर उभा असतो, हे वाक्य मी मागे घेतो. लस, पाणी आणि औषध मिळालेल्या माणसाच्या हाती जे उरते त्यातला मोठा भाग सवयींचा असतो, असे मला म्हणायला हवे होते.

तरीही शतपावलीचा आग्रह मी सोडत नाही, आणि त्याचे एक कारण मी पहिल्या लेखात लिहिले नव्हते. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. त्यानंतरचे सहा-सात महिने मी रात्री जेवत होतो की नाही हेही मला नीट आठवत नाही. समोरच्या घरातील गृहस्थ एके रात्री दार वाजवून "पाच मिनिटे खाली चला" म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही आले. ते खाली वाट पाहतील म्हणून मी वेळेवर जेवू लागलो, आणि वेळेवर जेवायचे म्हणून स्वयंपाक करू लागलो. माझी साखर त्यामुळे किती उतरली हे मी मोजलेले नाही. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१० साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता, की ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध घट्ट असतात त्यांची जगण्याची शक्यता एकाकी माणसांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असते. तो मी पुष्कळ नंतर वाचला आणि वाचताना मला समोरचे दार आठवले. प्रस्तावात "एकत्र" हा शब्द मी म्हणूनच घातला होता, आणि सभेत नेमके तेच मला बोलता आले नाही.

ओटा आवरण्याविषयीचा प्रश्न रास्त आहे, आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. सुधारित प्रस्ताव असा मांडणार आहे: शतपावलीची वेळ पावणेदहाची असावी, आणि त्याआधी भांडी घासणे व ओटा पुसणे ही कामे घरातील पुरुषांनीही वाटून घ्यावीत, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी खाली येता येईल. सोसायटीच्या खर्चाने दंडावर बांधायचे रक्तदाब यंत्र घ्यावे आणि महिन्यातून एकदा, शतपावलीहून परतताना, प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वहीत नोंदवावा. आपल्याकडे धुणीभांडी करण्यास येणाऱ्या बायकांची आणि रखवालदारांचीही पाने त्या वहीत असावीत.

प्रतिसाद ४ (परिचारिका, ठाणे)

सर, शेवटची ओळ वाचून फार बरे वाटले. माझे मुख्य मत बदललेले नाही: आवाराच्या फाटकाबाहेर चालण्याजोगा पदपथ नसेल, तर चालणे फक्त आवार असलेल्यांनाच जमते, आणि त्यासाठी आपल्या सोसायटीने महापालिकेकडे अर्ज करावा, असे मी सुचवेन. पण वहीची कल्पना अवश्य अमलात आणा.

त्यात एक दुरुस्ती करा. रक्तदाब चालून आल्याबरोबर मोजू नये, तो खरा येत नाही. चहा, तंबाखू आणि चालणे, तिन्ही गोष्टी किमान अर्धा तास आधी थांबलेल्या असाव्यात, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवावा आणि मोजताना बोलू नये. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. त्यामुळे मोजणीचा दिवस रविवार आणि वेळ सकाळची, चहाच्या आधीची ठेवा. कामाला येणाऱ्या बायकांना मात्र त्यांची सोयीची वेळ आधी विचारा, कारण रविवारी सकाळी त्या बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असतील.