अनुभव धागा : शब्द बदलला की समोरच्याचं वागणं कुठे बदलतं?

गोव्यात मराठी-कोंकणी दोन्हींत काम करणाऱ्यांसाठी हा धागा. एखाद्या शब्दामुळे ऐकणारा काय धरून चालतो आणि मग काय करून बसतो, ते आपापल्या कामातून लिहा. नेमकं वाक्य द्या.

फोंडा, शाळा
वर्गात काच फुटली की "काच कोणी फोडली?" असं आधी विचारू नका. 'फोडली' म्हटलं की गुन्हेगार आहे हे ठरूनच जातं. मुलं नाव शोधू लागतात आणि बहुतेक वेळा नेहमीच्या दंगेखोराचंच सापडतं. "काच कशी फुटली?" विचारलं तर चेंडू, सैल कडी, वारा, सगळं बाहेर येतं. कोंकणीतही फुटप-फोडप ही जोडी तशीच. एकेकाला वेगळं बोलवा, "काय दिसलं?" एवढंच विचारा, मूल जे क्रियापद वापरेल तेच लिहून घ्या. 'कोणी' अगदी शेवटी. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 च्या प्रयोगात एकाच अपघाताची फिल्म दाखवून एका गटाला गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, दुसऱ्याला 'आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा किती होता असं. आठवड्याने फुटलेली काच दिसली होती का, असं विचारल्यावर पहिल्या गटातले 50 पैकी 7 'हो' म्हणाले, दुसऱ्यातले 16. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. मुलांची साक्ष घेताना हे कायम डोक्यात असावं.

डिचोली, फार्मसी
'परवा' काउंटरवर वापरूच नये. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही. कोंकणीत मागचा दिवस 'पयर', पुढचा 'परवां'. वार आणि तारीख सांगा.
"एक कुलेर (चमचा) घे" हेही घातक. चहाची कुलेर 5 मिलीची, मोठी 15 ची, म्हणजे डोस तिप्पट. मापाच्या झाकणावर 5 ची रेघ पेनाने ठळक करून द्या.
"जेवणानंतर" म्हटलं तर अकराची पेज कितीजण जेवणात धरत नाहीत, आणि गोळी राहते. "पोटात काही गेल्यावर, पेज चालेल" असं सांगा.
"समजलं?" याला उत्तर 'हय' (हो) असंच येतं. त्यापेक्षा "रात्री किती देणार, ओतून दाखवा".

पेडणे, पंचायत
कोंकणीत आईबापालाही 'तूं' म्हणतात. त्यात अनादर नाही. महाराष्ट्रातून आलेल्यांनी राग धरू नये.

कुंडई, औद्योगिक वसाहत
'रिकामा ड्रम' हे दोन शब्द बंद करा. भाषेचा अभ्यासक बेंजामिन व्होर्फ आगीच्या विमा कंपनीत काम करताना हेच मांडून गेला: पेट्रोलच्या भरल्या ड्रमजवळ माणूस जपून वागतो, 'रिकाम्या'जवळ विडी पेटवतो. खरं तर आत हवेत मिसळलेली वाफ उरते आणि तीच भडकते. ड्रमवर रंगाने "आत वाफ आहे" लिहा, बूच घट्ट लावा, वेल्डिंगपासून लांब ठेवा. कापायचा असेल तर नुसतं विसळून भागत नाही. शिवणीत राहिलेला थेंब तापला की पुन्हा वाफ होते. वाफेने धुऊन, गॅस मीटर लावून तपासल्यावरच पाटीवर 'स्वच्छ' लिहा. 'रिकामा' तेव्हाही नको.