मदत हवी आहे: दिवाळीत चार दिवसांसाठी गर्दी नसलेले ठिकाण सुचवा

कल्याणकर
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन चार दिवस कुठेतरी जायचे आहे. गेल्या वर्षी महाबळेश्वरला निघालो, तर पसरणी घाटात तीन तास गाडी जागची हलली नाही आणि वेण्णा तलावाकाठी उभे राहायलाही जागा मिळाली नाही. त्यामुळे महाबळेश्वर, लोणावळा आणि कोकणातला कुठलाही किनारा कृपया सुचवू नये. आपल्याच राज्यात सहसा कोणी वाट वाकडी करून जात नाही, पण जाण्यासारखी आहेत, अशी ठिकाणे असणारच. खोल्यांचे आरक्षण याच आठवड्यात करायचे आहे, म्हणून लवकर कळवावे.

जुनी वाट
स्वतःची गाडी आहे की रेल्वेने जाणार, आई-बाबांचे वय काय, त्यांना चढण झेपते का, हे काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय आवड देवळांची आहे, किल्ल्यांची की जंगलाची, तेही कळत नाही. एवढे कळल्याशिवाय कोणी काही सुचवले तरी ते अंधारात बोट दाखवल्यासारखे होईल.

सड्यावरचा
आपण किनारा नको म्हटले आहे, सडा, म्हणजे कोकणातले उघडे कातळाचे पठार, नको असे म्हटलेले नाही, म्हणून लिहितो. राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे आणि कशेळी येथील कातळशिल्पे पाहा. कशेळीचा हत्ती एवढा प्रचंड आहे की जवळ उभे राहिल्यास तो हत्ती आहे हेच उमगत नाही. आधी त्याच्या पोटात कोरलेले मासे आणि इतर प्राणी दिसतात, मग चार पावले मागे सरल्यावर सोंड सापडते. मी सहा वेळा गेलो आहे आणि दर वेळी नवी रेघ दिसली आहे.

तेरणाकाठ
कातळशिल्पांचे मोल मला मान्य आहे, पण सड्यावर सावलीला झाड नसते आणि ऑक्टोबरचे ऊन वयस्कर माणसांना सोसत नाही. माझे मत धाराशिव जिल्ह्याला आहे. मराठवाडा म्हटले की लोक वेरूळ-अजिंठा पाहून परततात आणि दक्षिणेकडे वळतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेरपासून सुरुवात करावी. गोरोबाकाकांच्या समाधीमुळे हे गाव वारकऱ्यांना ठाऊक आहे, परंतु तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर या नगराचा उल्लेख येतो, आणि येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात असे, असेही त्यात नोंदवले आहे. गावातील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याचे छत हत्तीच्या पाठीसारखे गोलसर आहे. गावातच लामतुरे संग्रहालय आहे. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेवढे पाहून वार ठरवावा.

कल्याणकर
क्षमस्व, घाईत राहून गेले. कल्याणहून निघणार आहोत, गाडी नाही. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना इतिहासाची आवड आहे, आईला देवदर्शन हवे असते.

जुनी वाट
मग तुळजापूर आणि नळदुर्ग, दुसरे नाव घेऊच नका. नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, १६१३ चे हे काम. पाणी बांधावरून कोसळत असताना आत उभे राहावे, समोर पाण्याचा पडदा आणि अंगावर थेंबही नाही.

तेरणाकाठ
हे वर्णन पावसाळ्याचे आहे. वरचे धरण भरून वाहिले तरच या बांधावरून कोसळणारे नर-मादी नावाचे दोन धबधबे सुरू होतात. दिवाळीला पाणी असेलच असा भरवसा देऊ नये. शिवाय महालात उतरायच्या पायऱ्या अरुंद आणि ओलसर आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तेथे उतरवण्याचा सल्ला मी देणार नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत तुळजापुरातही मोठी गर्दी असते, जी यांना नकोच आहे.

जुनी वाट
मी डिसेंबरात गेलो होतो, तेव्हा पाणी नव्हते, तरी तो बांध पाहूनच समाधान झाले. महालात न उतरता वरूनही पाहता येतो. दर्शन पहाटे उरकून लगेच निघता येते.

रूळप्रेमी
मुंबईहून लातूरला जाणारी रात्रीची गाडी धाराशिवला थांबते. कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी रुळांचा. १८९७ मध्ये तो कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाला, आता रुंद झाला आहे. बार्शीनंतर खिडकीजवळ बसावे.

तेरणाकाठ
गुडघ्यांचा विचार करता परांडा सर्वांत सोयीचा. भुईकोट असल्याने चढ फारसा नाही. विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये याच किल्ल्यातून नेली. आजही बुरुजांवर मोठ्या तोफा आहेत, आणि आत तोफगोळ्यांचा ढीग आहे. बाबांना तेथे निवांत बसू द्यावे, घाई करू नये.

कल्याणकर
मनःपूर्वक आभार. धाराशिवला तीन रात्रींचा मुक्काम ठरवला आहे: पहिल्या दिवशी तेर, दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर आणि तेथून नळदुर्ग वरूनच, तिसऱ्या दिवशी परांडा. धाराशिवहून परांड्याला दिवसभरासाठी गाडी ठरवायची झाल्यास किती भाडे योग्य, आणि दुपारच्या जेवणाची सोय तेथे होते की डबा न्यावा, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

तेरणाकाठ
डबा न्यावा. भाडे धाराशिवला उतरल्यावर दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवावे, आणि परतीची वेळ चालकाशी आधी बोलून घ्यावी.