गणपतीत संशयकल्लोळ करायचं का? (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

बी-७०४: मंडळी, शनिवारी रात्री ४० मिनिटांचा स्लॉट मिळालाय. फॅन्सी ड्रेस दरवर्षीचाच, यंदा संशयकल्लोळमधले दोन प्रवेश करूया का? स्पीकर १० ला बंद म्हणजे बंद, आधीच सांगते.

ए-२०१: सूचना उत्तम. पण पदं सगळी झाली पाहिजेत. पदं कापून संगीत नाटक करायचं तर त्यापेक्षा तंबोला ठेवा.

सी-११०३: काका गाणार कोण पण 😂 आपला माईक आरतीलाच शिट्ट्या मारतो

बी-७०४: काका रागावू नका, पण हे नाटक मुळात बिनगाण्याचंच होतं. नाटककार गो. ब. देवलांनी १८९३ ला गद्य लिहिलं होतं, नाव फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा. पदं घालून संशयकल्लोळ झालं ते १९१६ ला, गंधर्व नाटक मंडळीत. म्हणजे तेवीस वर्षं या गोष्टीत एकही पद नव्हतं आणि तरी ती टाकून द्यावी असं कुणाला वाटलं नाही.

ए-२०१: आणि लोकांच्या लक्षात कुठलं राहिलं? १९१६ चंच ना. बालगंधर्व रेवती!

बी-७०४: हो पण फाल्गुनराव कोण होते, गणपतराव बोडस. त्यांचं नाव झालं ते अभिनयावर, गाण्यावर नाही. आणि ते तयार झाले देवलांच्याच तालमीत. देवल त्याच वर्षी गेले, १९१६ ला.

सी-११०३: मला स्टोरीच माहीत नाही, कोणीतरी दोन ओळीत सांगा ना

बी-७०४: रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव सावरायला जातात, ते त्यांची बायको कृत्तिका बघते आणि पेटते. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची तसबीर पडते ती नेमकी कृत्तिकेला सापडते, ती निरखून बघत असताना फाल्गुनराव येतात आणि आता हे पेटतात. मग दोघं एकमेकांवर पाळत ठेवतात, तिकडे रेवती-आश्विनशेठमध्येही वाजतं, आणि चौघांपैकी एकाचंही काहीही लफडं नसतं. पुरुषांची नावं महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून, नोकर भादव्या.

सी-११०३: अरे हे भारी आहे. तसबिरीऐवजी मोबाईलचा डीपी करूया का

ए-२०१: नाही.

डी-५०२: मी गप्प वाचत होते पण राहवत नाही. मूळ फ्रेंच नाटककार मोलियरचं, १६६० चं, त्यावरून मर्फी नावाच्या माणसाने १७६१ ला इंग्रजीत ऑल इन द राँग केलं आणि तिथून देवलांकडे आलं. तिकडचा सर जॉन रेस्टलेस म्हणजे आपला फाल्गुनराव. इतकी घरं फिरलेली गोष्ट आहे काका, आपल्या पोडियमवर थोडी छाटली तर काही होत नाही तिला. पण देवलांनी रेवती नायकिणीच्या घरातली केली, आश्विनशेठला तिच्याशी लग्नच करायचंय, त्यामुळे त्याच्या संशयाला वेगळीच धार येते. तेवढं मात्र मुलं आहेत म्हणून गाळू नका, नाहीतर रेवतीचा राग कळणारच नाही.

बी-७०४: अगदी बरोबर काकू. अलीकडे प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे आश्विनशेठ होते, तेव्हाही विनोदाला एक आणि गाण्याला एक असे दोन भक्कम खांब लागलेच ना. आपल्याकडे गाण्याचा खांब म्हणजे ए-२०१ काका.

ए-२०१: मस्का नको. किती पदं?

बी-७०४: दोन. संशय का मनी आला, आणि शेवटी हृदयी धरा हा बोध खरा.

ए-२०१: आणि कर हा करी धरिला शुभांगी. तीन. आलापी आवरती घेतो, वन्समोअर आला तरी थांबणार नाही, पण तीन.

सेक्रेटरी: वन्समोअर धरून ४० मिनिटं. आणि बी विंगच्या गाड्या शुक्रवारीच पोडियमवरून काढा, मागच्या वर्षी स्टेज तिरकं लागलं होतं.

डी-५०२: कृत्तिका मी करणार, आधीच सांगून ठेवते. फाल्गुनराव आमचे हे नकोत, तालमीला येतील आणि घरी येऊन खरंच संशय घेतील.

सी-११०३: मी भादव्या 🙋 डायलॉग कमी असतील तर बरं

बी-७०४: कमी नाहीयेत. उद्या आरतीनंतर क्लबहाऊसला वाचन, पुस्तक मी आणते.