पुरुषांचे बूट, चपला, कपडे: काय बिघडतं, का बिघडतं, आणि काय करायचं

बूट-कपड्यांचा विषय निघाला की गाडी ब्रँड आणि किमतीवर येऊन थांबते. इथे ते टाळू. माप कसं घ्यायचं, शिंप्याला नेमकं काय सांगायचं, आपल्या पावसाळ्यात चामडं कसं टिकवायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कोणता रंग कोणाला शोभतो हा वाद नंतर कधीतरी.

*

बुटाचं माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करायची (ते बोट दरवेळी अंगठाच असतो असं नाही). दोन्ही पाय मोजा, नंबर मोठ्या पायाचा घ्या. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर. बोटापुढे सेंटीमीटरभर जागा हवी.

पण बहुतेकांची अडचण लांबीची नसतेच, रुंदीची असते. चवड्यावर आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतला जातो. मग टाच उचलते आणि बूट बोटांच्या मुळाशी दुमडायचा तो पुढे दुमडतो, ती घडी बोटांना घासते. अशा वेळी नंबर तोच ठेवून रुंद फिटिंग मागा, किंवा दुसऱ्या साच्यावर (ज्या ठोकळ्यावर बूट घडवतात तो) केलेला बूट बघा. ऑक्सफर्डच्या (लेसच्या पाळ्या खालून शिवून बंद केलेला फॉर्मल बूट) दोन पाळ्या बांधल्यावर जवळजवळ मिटायला हव्यात. बोटभर फट राहिली तर पायाची कमान त्या बुटाला उंच आहे. मग डर्बी हा लेसचा दुसरा प्रकार घ्या, तिच्या पाळ्या मोकळ्या असतात.

*

लग्नकार्यापुरते बूट काढणाऱ्यांसाठी. सोल पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल तर तो न वापरताही मरतो. हवेतली वाफ पॉलियुरेथेनची साखळी तोडत जाते, आणि काही वर्षांनी वरून नवा दिसणारा बूट चार पावलांत भुगा सोडतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत हे लवकर होतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाचं अजून लवकर, कारण वाफ आतच कोंडते. कार्याच्या आठवडाभर आधी टाचेच्या कडेला नख दाबून बघा. चिकट लागलं, तडा गेला किंवा पूड निघाली तर बूट चांभाराकडे न्या. जुना पीयू पूर्ण काढून रबरी सोल लावून आणि शिवून घ्यायचा. तुटलेल्या पीयूवर नुसतं सोल्यूशन लावणं व्यर्थ, खालचा थरच सुटत असतो.

*

कोल्हापुरीबद्दल. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. अस्सल चपलेचं चामडं हिरडा, बाभळीची साल यांत कमावलेलं असतं. चप्पल उलटी करून बघा: कडेनं चामड्याच्या वादीची शिवण दिसली पाहिजे, खिळा नको. नवी चप्पल आधी घरात तास-दीड तास घाला. अंगठ्याला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेल किंवा खोबरेल तेलाचे थेंब चोळून रात्रभर ठेवा. जूनमध्ये ती माळ्यावर गेली पाहिजे. तळ भिजला की थर फुगतात, शिवण सैल पडते. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात चामडं आक्रसून वाकडं होतं.

*

तेलाबद्दल एक दुरुस्ती. कोल्हापुरीला ते चालतं, तेही थेंबांत. जास्त झालं तर पट्टा ढिला पडतो आणि धूळ धरतो. ऑफिसच्या काळ्या-तपकिरी बुटांना घरातलं तेल लावूच नका, नंतर पॉलिश बसत नाही.

त्यांना आधी लेस काढून ब्रशनं धूळ झाडा. मग सुती फडक्यानं वाटाण्याएवढं क्रीम पातळ पसरा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, ब्रश मारा. चमक हवीच तर टोकाला आणि टाचेला मेण-पॉलिश. जिथे बूट दुमडतो तिथे मेणाचा जाड थर दिला तर तो तडकून पांढऱ्या रेघा उठतात. स्पंज लावलेल्या बाटलीतलं झटपट पॉलिश मला मुळीच पसंत नाही: वर प्लास्टिकसारखा पापुद्रा चढतो, आणि पुढे तोच सोलवटतो.

*

शिंप्याकडे जाण्यापूर्वी: सुती कापड रात्रभर पाण्यात घालून, वाळवून मगच द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर जाते. 58 इंच पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला 1.6 मीटर आणि पँटला 1.2 ते 1.3 मीटर पुरतं. पोट सुटलेलं असेल तर थोडं जास्त घ्या.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. शर्टात बाकी बरंचसं दुरुस्त होतं, खांदा उसवून बसवणं शिंप्याला नको असतं आणि ते क्वचितच साधतं. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जावीत. पँट ट्रायलला घालाल तेव्हा नुसते उभे राहू नका, खुर्चीत बसूनही बघा. मांडीला आवळत असेल तर शिंपी मोहरी (पायाशी असलेला पँटचा घेर) सैल करून देतो आणि मूळ त्रास तसाच राहतो. सांगायचं ते मांडीचं आणि बैठकीचं. मागच्या शिवणीत दीड इंच माया (आत दुमडलेलं जादा कापड) सोडायला आधीच सांगा. कापल्यावर ती कुठून येणार? ट्रायलला येताना त्या पँटवर घालायचे तेच बूट घालून या, कारण पँटची उंची टाचेवर ठरते.

कोटासाठी विचारा: छातीला आकार देणारं आतलं कापड म्हणून कॅनव्हास टाके घालून बसवणार की फ्यूजिंग (डिंक लावलेलं अस्तर) इस्त्रीनं चिकटवणार? फ्यूजिंग स्वस्त आणि हलकं पडतं, पण गरम इस्त्री आणि वरचेवर ड्रायक्लीन यांनी त्याचा डिंक सुटतो, आणि छातीवर फुगे येतात. ते पुन्हा बसत नाहीत. मे महिन्यातल्या लग्नाला पाठीत अर्धंच अस्तर ठेवा.

*

पट्टा कमरेच्या मापापेक्षा दोन इंच मोठा घ्या, म्हणजे पाचांतलं मधलं भोक लागतं. फॉर्मलसाठी रुंदी 30 ते 35 मिलिमीटर. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत. आखूड मोजा घालून बसलं की नडगी उघडी पडते.

*

भिजलेल्या बुटासाठी: आतलं पॅडिंग बाहेर काढा, साधा कोरा कागद कोंबा. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते. पहिल्या दिवशी कागद तीन-चार तासांनी बदला. बूट आडवा ठेवा म्हणजे तळालाही वारा लागेल. पंख्याखाली चालेल, हीटर, हेअर ड्रायर आणि फ्रिजमागची जागा नको. पूर्ण वाळायला दोन दिवस धरा, मग क्रीम.

पांढरी बुरशी आली तर घरात झाडू नका, ती बाकीच्या जोड्यांवर बसते. गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, फडकं पिळून, आधी आतल्या बाजूला लपेल अशा जागी लावून बघा. रंग सुटला नाही तरच सगळीकडे फिरवा आणि सावलीत वाळवा. ते फडकं पुन्हा त्या बुटांना वापरू नका.