हॅण्डब्रेक जाम झाला होता तेव्हा… (अनुभव लिहा)

रानजाई
काल शेजारच्या काकांची गाडी सोडवली आणि तेव्हापासून डोक्यात बाबाच आहेत, म्हणून हा धागा.

गाडी बरेच महिने एका जागी उभी होती. बॅटरी चार्ज केल्यावर इंजिन लगेच सुरू झालं, पण पहिला टाकून क्लच सोडला की गाडी मागून दबायची आणि बंद पडायची. हॅण्डब्रेकचा दांडा खाली, डॅशबोर्डवरचा लाल दिवाही विझलेला. काका म्हणाले, "गिअरबॉक्स गेला वाटतं." मी म्हटलं, थांबा काका, मागची चाकं धरली आहेत. तो दिवा दांडा खाली आला एवढंच सांगतो. चाक सुटलं की नाही हे त्याला कळायचं काही साधन नाही.

हे सगळं बाबांचं. आमच्या जुन्या गाडीला मागे ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा आणि त्याला आतून दाबून धरणारे शू. मोठ्या सुट्टीहून परत आलो की एक तरी चाक धरलेलं असायचंच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून बाबा सतरंजी टाकून मागे आडवे व्हायचे, टॉर्च दातात. मी आत सीटवर. खालून आवाज यायचा, "ओढ!" की मी दांडा ओढायचा. "सोड!" की सोडायचा. तेवढ्यात ते चाकामागे ड्रममध्ये शिरणारी केबल बघून घ्यायचे. दांडा सोडल्यावर केबल सरकून ढिली पडली तर केबल ठीक आहे, आत लायनर (शूवरचा घासणारा थर) ड्रमला चिकटलाय. ताठच राहिली तर केबल तिच्या नळीत गंजून बसलीय. कुठे अडकलंय हे कळेपर्यंत त्यांनी हातोडी कधी उचलली नाही.

काकांची केबल ढिली पडत होती. मग चाक काढलं, ड्रमवर लाकूड धरून कडेकडेने बेताचे ठोके दिले. एकदम 'टक्'! खालून लालसर भुगा सांडला आणि ड्रम हाताने फिरायला लागला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

बाबा आता नाहीत. तुमच्याकडे कोणी, कशी सोडवली गाडी? लिहा ना.

दवबिंदू
'ओढ, सोड' वाचून डोळ्यांसमोर उभं राहिलं सगळं. आमच्याकडे ती ड्यूटी माझी आणि भावाची, आळीपाळीने.

निवांत
पाऊस झाला की सकाळी हमखास. पण ते किरकोळ असतं. जरा पुढे, जरा मागे केली की 'टक' होऊन सुटते. गाडी धुतल्यावर ब्रेक ओले असतानाच हॅण्डब्रेक ओढून ठेवला तरी हेच. आता धुतल्यावर एक छोटी चक्कर मारून, दोनचारदा ब्रेक दाबून, वाळवूनच लावतो.

तेलकट_हात
रानजाई ताई, तुमच्या बाबांची पद्धत शंभर टक्के बरोबर. माझं रोजचं काम हेच आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ड्रम बिडाचा असतो. बिडाला ओल लागली की काही तासांत गंज धरतो. लायनर ओला, ड्रम ओला आणि वरून हॅण्डब्रेकने दोन्ही एकमेकांवर दाबून ठेवलेले, मग गंज दोघांना जोडून टाकतो. एका रात्रीचा गंज वरवरचा, तो निवांत म्हणतात तसा सुटतो. महिनोन् महिने उभ्या गाडीचं तसं नाही.

तिथे लोक क्लच सोडून जोरात ओढतात आणि तेच मला बघवत नाही. लायनर शूच्या वळणदार पत्र्याला बऱ्याच गाड्यांत चिकटवलेला असतो, काहींत रिव्हेट मारलेला. गंज शूच्या पत्र्यावरून त्या चिकटवलेल्या थराखाली शिरलेला असेल तर इंजिनच्या जोराने ड्रम सुटत नाही, लायनरच शूवरून सालीसारखा निघतो. गाडी हलते, माणूस खूश होतो. निघालेला लायनर आत सुटा फिरत राहतो आणि पुढे कधीतरी चाकात पाचर बसते, तीही चालत्या गाडीत. असे ड्रम उघडले आहेत मी. दोन तुकडे झालेला लायनर हातात आला की मालकाला दाखवतो, मग त्याला पटतं.

हलक्या हाताने पुढे-मागे करून बघायला हरकत नाही. नाही सुटली तर तिथेच थांबायचं आणि चाक काढायचं.

अबोली
बाप रे, हे लायनरचं माहीत नव्हतं. आमचा ड्रायव्हर नेहमी झटकाच द्यायचा.

वाटसरू
एक भर. ड्रमच्या चेहऱ्यावर बऱ्याचदा दोन आटे पाडलेली भोकं असतात, ८ मिमीच्या बोल्टची. ती कशासाठी हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत बसलं तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकतो.

तरीही येत नसेल तर ड्रमच्या आतल्या काठाला झिजून कंगोरा आलेला असतो आणि शू त्यात अडकतात. मागच्या पत्र्यावर एक रबरी बूच असतं, ते काढायचं. आत दात असलेलं चाक दिसतं, तो अ‍ॅडजस्टर. स्क्रूड्रायव्हरने एकेक दात मागे घेत गेलं की शू आत सरकतात. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारा प्रकार असेल तर त्याची पट्टी दुसऱ्या स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरावी लागते, नाहीतर चाक उलटं फिरतच नाही. वडिलांबरोबर एकदा हे केलं. दुपार गेली, पण ड्रम निघाला तेव्हा दोघांनी टाळी दिली एकमेकांना.

मोरपंखी
रानजाई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं गं. अशा कामांतून माणूस फार आठवतो. माझ्या वडिलांची हत्यारांची पेटी अजून तशीच आहे, तिचा ग्रीसचा वास आला तरी भरून येतं.

रानजाई
मोरपंखी, अगदी. त्यांचीच हातोडी होती काल हातात.

कृष्णमेघ
घाईत लिहितोय. ड्रममध्ये गंज सोडवायचा स्प्रे मारला तर लवकर सुटेल ना? एकाने सुचवलंय.

तेलकट_हात
कृष्णमेघ, नको! लायनर तेल पितो. मग हॅण्डब्रेकही धरत नाही आणि पायाचा ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. तेल प्यालेला लायनर पुसून, भाजून नीट होत नाही, बदलावाच लागतो. स्प्रे केबलच्या टोकाला, दांड्याच्या सांध्यांना, फार तर हबच्या कडेला जिथे ड्रम बसतो तिथे. आतला भाग साफ करायला ब्रेक क्लीनर वेगळा मिळतो.

दवबिंदू
आणि तो भुगा फुंकू नका प्लीज. हवेचा पाइपही नको. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि आपल्या गाडीचे कधीचे आहेत कोण सांगणार. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. आमच्या घरात फुफ्फुसाचं दुखणं जवळून पाहिलंय, म्हणून जीव तुटतो.

निवांत
+१. मास्कही लावा.

उत्तरवारा
आमच्याकडे थंडी शून्याच्या खूप खाली जाते. इथे गंजाआधी बर्फच. केबलच्या नळीत पाणी शिरलेलं असतं, रात्री ते गोठतं आणि सकाळी दांडा खाली जातो पण चाकाकडचं टोक हलत नाही. लोक उकळतं पाणी ओततात. तेच पाणी पुन्हा गोठतं आणि गरम-गार झाल्याने बीड तडकायची भीती वेगळीच. इंजिन चालू ठेवून, गाडी उघड्यावर असेल तर लांबून हेअर ड्रायरची हवा देऊन सोडवतो आम्ही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धुराने जीव जातो. आणि गोठवणाऱ्या रात्री हॅण्डब्रेक लावतच नाही, गिअरमध्ये ठेवतो.

अबोली
पण उतारावर उभी करायची तर? आमच्या घरासमोर चढच आहे.

वाटसरू
अबोली, उतारावर नुसत्या गिअरवर भरवसा नको. थोड्या वेळासाठी हॅण्डब्रेक लावाच, सोबत गिअर, पुढची चाकं वळवलेली: गाडीचं तोंड उताराकडे असेल तर फूटपाथकडे, चढाकडे असेल तर फूटपाथपासून लांब. महिनाभर ठेवायची असेल तर सपाट जागा शोधा: गिअर, चाकांना ठोकळे, हॅण्डब्रेक मोकळा. ऑटोमॅटिकला P मध्ये आत एक छोटा खिळा दातात अडकतो, सगळं वजन त्यावर टाकू नका. उतारावर ब्रेक दाबून आधी हॅण्डब्रेक ओढायचा, मग P.

शेवंती
आमची नवीन गाडी, दांडाच नाही, बटण आहे. बॅटरी उतरली आणि ब्रेक लागलेला. नवरा हातोडी शोधायला निघाला होता, मी थांबवलं!

तेलकट_हात
बरं केलंत वहिनी. बटणवाल्यात बहुतेक गाड्यांना मागच्या कॅलिपरवर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) छोटी मोटर असते, तीच त्यातले घासणारे पॅड दाबते आणि सोडते. तिला वीज नसेल तर ठोकून काय होणार, उलट मोटर फुटेल. आधी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करा किंवा दुसऱ्या गाडीवरून केबल जोडा, मग इग्निशन चालू, पाय ब्रेकवर, बटण. तरी नाही सुटला तर स्कॅनर जोडून मोटर मागे घ्यावी लागते. पॅड बदलतानाही तेच, पिस्टन जोर लावून आत ढकलायचा नाही.

शेवंती
चार्ज केली, सुटली लगेच. 🙏

कृष्णमेघ
माझ्या गाडीला मागे डिस्क आहेत, मग मी सुटलो का?

वाटसरू
नाही. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या टोपीत हॅण्डब्रेकसाठी छोटा ड्रम वेगळा असतो. तो फक्त उभ्या गाडीला धरतो, चालताना घासलाच जात नाही, म्हणून त्यातला गंज निघायला वावच मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात केबल कॅलिपरवरचा एक आकडा, म्हणजे छोटी तरफ, ओढते. त्याचा सांधा गंजला की आकडा पूर्ण मागे येत नाही आणि पॅड घासत राहतो. चाकामागे वाकून बघा, दांडा सोडल्यावर दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या टेकूला लागायला हवेत. एक लागतोय आणि एक अर्ध्यावर थांबतोय, तर तोच तुमचा चोर.

मोरपंखी
अवांतर: उभ्या गाडीत उंदरांचं काय करता? आमच्या बॉनेटमध्ये घरटं सापडलं, वायरी कुरतडलेल्या.

दवबिंदू
मोरपंखी, आमच्याकडेही! आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं, दुसरा इलाज सापडला नाही. त्याच वेळी गाडी थोडी हलवून ठेवते. टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत आणि ब्रेकही मोकळे राहतात.

मोरपंखी
हे छान. आजपासून सुरू करते.

निवांत
सुटल्यावर काय बघायचं तेही लिहा कोणीतरी. आमच्या मामांची गाडी सुटली म्हणून सगळे आनंदात निघाले आणि थोड्याच अंतरावर जळका वास. एक चाक अर्धवट धरलेलंच होतं. नशीब मामींच्या नाकाला लगेच कळलं.

तेलकट_हात
निवांत दादा, बरोबर मुद्दा. सुटल्यावर मागची दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवून बघा, सारखी फिरली पाहिजेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावाच. मग जवळच हळू चक्कर मारून या आणि हात चाकाच्या जवळ न्या, लावू नका. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर ते अजून घासतंय. लायनर तापला की चकचकीत होतो आणि पकड जाते, म्हणून वास आला की तिथेच थांबायचं, टोचन करून आणायची.

रानजाई
काकांची केबल हलतेय पण तिच्या टोकाचं रबर फाटलंय. चालेल का तसंच?

तेलकट_हात
ताई, पाणी तिथूनच शिरतं. केबल अजून सरळ सरकत असेल तर रबर मिळतंय का बघा. नाहीतर केबल बदला, आणि शक्यतो दोन्ही बाजूंच्या. एक नवी आणि एक जुनी असली की ओढ सारखी लागत नाही. बसवताना जुन्या केबलचा मार्ग फोटो काढून ठेवा, सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून गेली तर नळी वितळते.

आणि दांड्याजवळचा नट आवळून हॅण्डब्रेक टाइट करू नका. आधी ड्रममधला अ‍ॅडजस्टर, मग गरज असेल तरच केबल. दांडा किती 'कट-कट'वर धरला पाहिजे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, प्रत्येक गाडीचं वेगळं.

रानजाई
पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्येच आहे म्हणाले काका. संध्याकाळी बघून इथे लिहिते. केबलचा फोटोही टाकेन, तुम्ही एकदा नजर टाका.

तेलकट_हात
टाका की. आठनंतर मोकळा असतो.